तीन सर्व्हर, चार रस्ते



संगणकाच्या तासाला तुम्ही नेटवर्क शिकता ते बहुतेक दोन संगणक आणि एक केबल इथून सुरू होते. हा पाठ त्याच्या थोडा पुढचा आहे. तीन मोठे सर्व्हर एकत्र बांधून त्यांच्यावर अनेक आभासी यंत्रे चालवायची असतील, तर त्या तिघांमध्ये खासगी नेटवर्क कसे उभारायचे, हे आपण पाहणार आहोत. मी सिग्नल कोअरमध्ये २२ वर्षे काढली. निवृत्तीनंतर दिल्लीत आर. के. पुरममधल्या एका लहान संस्थेचे सर्व्हर सांभाळतो. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज घेणे आणि तपासणे हे त्या संस्थेचे काम आहे. जे लिहितो आहे ते हाताने केलेले आहे. आयपी पत्ता म्हणजे काय आणि स्विच कशासाठी असतो, एवढे माहीत असेल तर पुढचे सगळे समजेल. पालकांनीही वाचावे, कारण शेवटी घरातल्या वायफायबद्दल दोन शब्द आहेत.

एका यंत्रात अनेक यंत्रे

पूर्वी एका कामाला एक सर्व्हर असे. संकेतस्थळाला एक, ई-मेलला एक, हिशेबाला एक. प्रत्येक यंत्र दिवसातला बराच वेळ रिकामे बसे आणि वीज मात्र पूर्ण घेई. आता एकाच दणकट सर्व्हरवर एक विशेष प्रणाली बसवतात आणि तिच्यावर दहा-पंधरा वेगवेगळी आभासी यंत्रे चालवतात. प्रत्येक आभासी यंत्राला वाटते की आपली स्वतःची मेमरी, डिस्क आणि नेटवर्क कार्ड आहे. कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकातच आपल्या मोठ्या संगणकांवर हे करून दाखवले होते. आज व्हीएमवेअर, हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स ही नावे तुमच्या कानावर येतील. आमच्याकडे प्रॉक्समॉक्स आहे. ते मुक्त स्रोतातले आहे, म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतही जुन्या संगणकांवर बसवून शिकता येते.

पण दहा यंत्रे एका पेटीत ठेवली की धोका वाढतो. पेटी बंद पडली की दहाही बंद. म्हणून एकाऐवजी तीन सर्व्हर घेतात आणि त्यांचा क्लस्टर करतात. क्लस्टर म्हणजे एकमेकांची खबर ठेवणारी तुकडी. एक सर्व्हर पडला तर त्याची कामे उरलेले दोघे उचलतात. त्यासाठी तिघांवरचे एकूण काम दोघांना पेलेल इतकेच ठेवावे लागते. हा नियम मोडला तर क्लस्टर फक्त कागदावर राहतो.

ते आपसात काय बोलतात?

नेटवर्क आखण्याआधी हा प्रश्न विचारायचा. सर्व्हरच्या तारेतून चार वेगळ्या प्रकारची बोलणी चालतात.

पहिले, लोकांचे काम. अर्जदार संकेतस्थळ उघडतो, कर्मचारी नोंद पाहतो. ही वाहतूक बाहेरून येते आणि बाहेर जाते.

दुसरे, व्यवस्थापन. सर्व्हर चालू-बंद करणे, नवे आभासी यंत्र बनवणे, पासवर्ड बदलणे. हे काम दोन-तीन माणसेच करतात. पण त्या दारातून आत गेलेला माणूस सगळे काही करू शकतो.

तिसरे, साठवण. आभासी यंत्रांच्या डिस्क एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उतरवल्या जातात. चालू यंत्र न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवले जाते. रात्री बॅकअप होतो. हे सगळे अवजड सामान आहे.

चौथे, हजेरी. तिन्ही सर्व्हर सेकंदाला अनेकदा एकमेकांना ‘मी आहे’ असे कळवत असतात. प्रॉक्समॉक्समध्ये हे काम कोरोसिंक नावाची प्रणाली करते. हे निरोप अगदी लहान असतात, पण वेळेवर पोहोचावे लागतात. सकाळच्या फॉल-इनला कॅडेट पाच मिनिटे उशिरा आला तर तो आला असूनही गैरहजर लागतो. इथेही तसेच, फक्त इथे उशीर मिलीसेकंदात मोजतात.

आता पाहा. साठवणीला रुंद रस्ता हवा, थोडा उशीर चालतो. हजेरीला अरुंद रस्ता पुरतो, पण तो मोकळा हवा. व्यवस्थापनाला कुलूप हवे. लोकांच्या कामाला उघडे दार हवे. चौघांच्या गरजा एकमेकांशी जुळत नाहीत. सैन्यात रेडिओवर हुकमाचे नेट आणि रसदीचे नेट वेगळे ठेवतात, ते याच कारणाने. रेशनची यादी वाचून दाखवणारा ऑपरेटर बोलत असताना कंपनी कमांडरला थांबावे लागू नये.

एका रस्त्यावर सगळे आले की

मी संस्थेत रुजू होण्याआधीची गोष्ट आहे. तिन्ही सर्व्हर एकाच एक गिगाबिटच्या स्विचला, प्रत्येकी एका केबलने जोडलेले होते. चारही बोलणी त्या एका तारेतून चालत. वर्षभर काही झाले नाही. मग अर्जांसोबत कागदपत्रांची छायाचित्रे येऊ लागली आणि रात्रीचा बॅकअप फुगला. शिष्यवृत्तीची मुदत संपण्याच्या आदल्या रात्री ११ वाजता बॅकअप सुरू झाला, तार भरून वाहू लागली आणि हजेरीचे निरोप अडकले. प्रत्येक सर्व्हरला वाटले की उरलेले दोघे गेले. अशा वेळी एकट्या पडलेल्या सर्व्हरने काम चालू ठेवायचे नाही, असा क्लस्टरचा नियम आहे. तो का, ते पुढे सांगतो. नियमाप्रमाणे साधारण मिनिटभराने तिन्ही सर्व्हर स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू झाले. बॅकअप पुन्हा लागला, तार पुन्हा भरली, तिघे पुन्हा पडले. सकाळपर्यंत हेच चालले. शेवटच्या दिवशी सकाळी संकेतस्थळ बंद, आणि बारावीची मुले-मुली कागदपत्रांची पिशवी घेऊन खिडकीसमोर उभी. संस्थेने मुदत वाढवली, म्हणून निभावले.

तपासात एकही सुटे भाग नादुरुस्त निघाला नाही. सर्व्हर उत्तम, स्विच उत्तम, प्रणाली नियमाप्रमाणे वागली. नोंदवहीत बॅकअपची वेळ आणि पहिल्या पडझडीची वेळ शेजारी शेजारी मांडल्यावर कारण दिसले. रस्ता एकच होता.

ही झाली गर्दीची गोष्ट. दुसरी गोष्ट कुंपणाची आहे आणि ती देशभर गाजली. आर. के. पुरमहून रिंग रोडने पूर्वेला गेले की काही किलोमीटरवर एम्स रुग्णालय लागते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथली ई-हॉस्पिटल ही प्रणाली बंद पडली. नोंदणी, दाखल करणे, घरी सोडणे, सगळे काम कागदावर हाताने करावे लागले. सरकारने संसदेत सांगितले की, पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी सांकेतिक करून टाकली. बहुतेक कामे पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. प्राथमिक तपासात कारण दिले गेले ते असे: नेटवर्कची विभागणी योग्य नव्हती. दूरदूरच्या गावांतून आलेले रुग्ण त्या दिवसांत लांब रांगांत उभे राहिले, त्याच्या मुळाशी आपल्या या पाठाचा विषय आहे. आणखी एक तपशील लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचे आहे: एक बॅकअप सर्व्हर या हल्ल्यातून सुटला होता, आणि ई-हॉस्पिटलची सगळी माहिती त्याच्यावरून परत मिळाली.

पत्ते: सेक्टर आणि क्वार्टर

आता उभारणी. पहिले काम पत्ते ठरवण्याचे. केबलला हात लावण्याआधी हे कागदावर झाले पाहिजे.

आर. के. पुरम ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत सेक्टरांमध्ये वाटलेली आहे. इथे कुणाला नुसता क्वार्टर नंबर सांगून उपयोग नाही. आधी सेक्टर सांगावा लागतो. आयपी पत्त्याचे तसेच आहे. पत्त्याचा पुढचा भाग नेटवर्क सांगतो, मागचा भाग त्यातले यंत्र.

खासगी वापरासाठी जगभर तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत. हा नियम फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजात लिहिला गेला.

१०.०.०.० पासून १०.२५५.२५५.२५५ पर्यंत: १,६७,७७,२१६ पत्ते
१७२.१६.०.० पासून १७२.३१.२५५.२५५ पर्यंत: १०,४८,५७६ पत्ते
१९२.१६८.०.० पासून १९२.१६८.२५५.२५५ पर्यंत: ६५,५३६ पत्ते

हे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत. म्हणून ते कुणाला न विचारता वापरता येतात, आणि लाखो ठिकाणी तेच पत्ते असले तरी घोटाळा होत नाही. घरच्या वायफायचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. म्हणूनच सर्व्हरसाठी १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० हे पट्टे मी टाळतो. उद्या घरून सुरक्षित जोडणीने काम करायची वेळ आली आणि घरचा पट्टाही तोच निघाला, तर संगणकाला कळत नाही की निरोप घरात द्यायचा की संस्थेत.

आपण १० चा पट्टा घेऊ आणि चार नेटवर्क आखू. खालचे पत्ते शिकण्यासाठी बनवलेले आहेत. खऱ्या जागेचे पत्ते मासिकात छापायचे नसतात, हीसुद्धा पाठातली एक गोष्ट समजा.

व्यवस्थापन: १०.२०.१०.०/२४
लोकांचे काम: १०.२०.२०.०/२४
साठवण: १०.२०.३०.०/२४
हजेरी: १०.२०.४०.०/२४

/२४ म्हणजे पत्त्यातले पहिले २४ बिट नेटवर्कचे. उरलेल्या ८ बिटांत २५६ पत्ते बसतात. त्यांतला पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याचा, म्हणून यंत्रांसाठी २५४ राहतात.

सर्व्हरांना सगळीकडे तोच शेवटचा आकडा द्यायचा. पहिला सर्व्हर ११, दुसरा १२, तिसरा १३. मग साठवणीत दुसरा सर्व्हर १०.२०.३०.१२ आणि हजेरीत १०.२०.४०.१२. तिसरा आकडा पाहिला की रस्ता कळतो, चौथा पाहिला की यंत्र कळते. रात्री दोन वाजता बिघाड शोधताना या शिस्तीची किंमत कळते.

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा नियम. साठवण आणि हजेरी या दोन नेटवर्कांना गेटवे द्यायचा नाही. गेटवे म्हणजे सेक्टरमधून बाहेर नेणारे फाटक. या दोन नेटवर्कांवरच्या कुणालाही बाहेर जायचे नाही आणि बाहेरच्या कुणाला आत यायचे नाही. फाटकच नसेल तर ते चुकून उघडे राहण्याचा प्रश्न येत नाही. सर्व्हरला गेटवे एकच द्यायचा, तो व्यवस्थापनाच्या नेटवर्कात. दोन दिले तर उत्तर कोणत्या फाटकाने पाठवायचे याचा गोंधळ होतो आणि जोडणी कधी चालते, कधी चालत नाही.

केबल आणि स्विच

आमच्या प्रत्येक सर्व्हरला चार पोर्ट आहेत: दोन दहा गिगाबिटचे, दोन एक गिगाबिटचे. वाटणी अशी केली.

दहा गिगाबिटचे दोन्ही पोर्ट साठवणीला. दोन्हींची एक जोडी बांधली, म्हणजे एक केबल तुटली तरी काम चालते. जोडी बांधण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. दोन्ही केबल एकाच स्विचला जात असतील तर एलएसीपी नावाची पद्धत वापरून दोन्हींवर भार वाटता येतो. पण एकच मोठी फाइल पाठवली तर ती एकाच केबलने जाते, वेग दुप्पट होत नाही. हे अनेकांना माहीत नसते. दोन केबल दोन वेगळ्या, एकमेकांशी न बांधलेल्या स्विचना जात असतील तर एक चालू आणि एक राखीव ही साधी पद्धत बरी. आम्ही तीच ठेवली.

एक गिगाबिटचा पहिला पोर्ट व्यवस्थापन आणि लोकांचे काम या दोघांना मिळून. एका तारेत दोन नेटवर्क कसे? त्यासाठी व्हीलॅन आहे. निरोपाच्या पाकिटावर चार बाइटची एक चिठ्ठी चिकटवतात, तिच्यावर नेटवर्कचा क्रमांक असतो. क्रमांकासाठी १२ बिट आहेत, म्हणून ४,०९४ क्रमांक वापरता येतात. आम्ही व्यवस्थापनाला १० आणि लोकांच्या कामाला २० दिला, म्हणजे पत्त्यातल्या तिसऱ्या आकड्याशी जुळतो. स्विच चिठ्ठी वाचतो आणि १० चे पाकीट २० च्या पोर्टवर कधीच देत नाही. ज्या पोर्टवरून अनेक क्रमांक जातात त्याला ट्रंक म्हणतात. ज्याला एकच क्रमांक आहे तो अ‍ॅक्सेस पोर्ट.

एक गिगाबिटचा दुसरा पोर्ट फक्त हजेरीला, आणि तो एका वेगळ्या लहान स्विचला. या स्विचला तीन केबलांखेरीज काहीही लावायचे नाही. कोणी ‘एक पोर्ट रिकामा दिसतो, प्रिंटर लावू का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’. हजेरीला दुसरा रस्ताही देता येतो. आम्ही तो व्यवस्थापनाच्या नेटवर्कातून दिला. नेहमी लहान स्विच वापरायचा. तो बंद पडला तर कोरोसिंक आपोआप दुसऱ्या रस्त्यावर येतो.

सर्व्हरच्या आतही एक स्विच लागतो. त्याला ब्रिज म्हणतात. तो लोखंडाचा नसतो, प्रणालीतच बनवतात. आभासी यंत्रांची नेटवर्क कार्डे या ब्रिजला लावलेली असतात आणि ब्रिज खऱ्या पोर्टला. इथे एक काळजी घ्या: अर्जदारांचे संकेतस्थळ ज्या आभासी यंत्रावर आहे, त्याला फक्त २० क्रमांकाचे कार्ड द्या. सोयीसाठी १० किंवा ३० चे दुसरे कार्ड दिले की आपण हाताने बांधलेले कुंपण हातानेच फोडले.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा. आम्ही चार रस्त्यांना चार रंग ठेवले आहेत. हजेरीची लाल. लाल केबलला माझ्या परवानगीशिवाय कोणी हात लावत नाही.

वेगाचे गणित

साठवणीला दहा गिगाबिट कशाला, असे संस्थेच्या हिशेबनिसांनी विचारले. प्रश्न रास्त होता, कारण त्या स्विचना पैसे पडतात. मी फळ्यावर गणित मांडले. ६४ गिगाबाइट मेमरीचे चालू यंत्र दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचे आहे. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ६४ × ८ = ५१२ गिगाबिट. एक गिगाबिटच्या तारेतून ५१२ सेकंद, म्हणजे साडेआठ मिनिटे. दहा गिगाबिटच्या तारेतून सुमारे ५१ सेकंद. प्रत्यक्षात दोन्हींना थोडे जास्त लागतात, कारण हलवत असतानाही यंत्र चालू असते आणि बदललेली मेमरी पुन्हा पाठवावी लागते. सर्व्हर तापतो आहे, पंखा बंद पडला आहे आणि त्याच्यावरची पाच यंत्रे हलवायची आहेत, अशा वेळी हा फरक कामाचा ठरतो.

साठवणीच्या रस्त्यावर पाकिटाचा आकारही वाढवता येतो. नेहमीचे पाकीट १,५०० बाइटचे असते, इथे ९,००० चे ठेवतात. तेवढ्याच सामानाला कमी पाकिटे लागतात. पण हा आकार तिन्ही सर्व्हरवर, जोडीवर आणि प्रत्येक स्विचवर सारखाच हवा. एका जागी राहून गेला तर लहान निरोप जातात आणि मोठे अडकतात. पिंग चालते, फाइल मात्र जात नाही, आणि माणूस दिवसभर भलतीकडे शोधत बसतो. यासाठी पिंग ८,९७२ बाइटचे आणि पाकीट न तोडण्याच्या अटीसह पाठवून पाहायचे. ८,९७२ का? ९,००० मधून आयपीच्या माथ्याचे २० आणि पिंगच्या माथ्याचे ८ बाइट वजा केले.

बहुमत

आता मघाशी राहिलेला प्रश्न. एकट्या पडलेल्या सर्व्हरने काम का थांबवायचे?

समजा दोनच सर्व्हर आहेत आणि त्यांच्यातली तार तुटली. दोघेही जिवंत आहेत, पण प्रत्येकाला वाटते की दुसरा मेला. दोघेही अर्जांची तीच नोंदवही उघडतात आणि तिच्यात लिहू लागतात. थोड्या वेळात नोंदवहीची अशी दशा होते की कोणते पान खरे, हे कोणालाही सांगता येत नाही. सर्व्हर बंद पडण्यापेक्षा हे वाईट, कारण बंद पडलेला सर्व्हर पुन्हा सुरू करता येतो.

म्हणून क्लस्टरमध्ये मतदान असते. ज्या गटाकडे निम्म्याहून जास्त मते आहेत तोच काम करतो. तिघांत दोन मते म्हणजे बहुमत. एक सर्व्हर तुटला तर उरलेले दोघे चालू राहतात आणि तुटलेला गप्प बसतो. दोनच सर्व्हर असतील तर एका साध्या लहान संगणकाला तिसरे मत देऊन बसवता येते. पण हे मतदान ज्या तारेवरून चालते ती तारच अडली, तर तिघेही एकटे पडतात आणि तिघेही प्रामाणिकपणे काम थांबवतात. त्या रात्री संस्थेत हेच झाले होते. हजेरीला वेगळी तार द्यायची ती म्हणून.

ताळा

गणिताचा ताळा करतात तसा नेटवर्कचाही करायचा. ‘लावले आहे’ आणि ‘चालते आहे’ यांत फरक असतो. आमचा क्रम असा आहे.

१. प्रत्येक सर्व्हरवरून उरलेल्या दोघांना, चारही नेटवर्कांवर पिंग. एका नेटवर्कावर सहा, म्हणजे एकूण चोवीस. सगळी उत्तरे वहीत.

२. साठवणीवर मोठ्या पाकिटाचा पिंग, वर सांगितल्याप्रमाणे.

३. आयपर्फ या साधनाने वेग मोजणे. दहा गिगाबिटच्या तारेवर नऊच्या पुढचा आकडा आला पाहिजे. एकच्या आसपास आला तर केबल चुकीच्या पोर्टमध्ये आहे.

४. हजेरीचा वेळ मोजणे. प्रॉक्समॉक्सला ५ मिलीसेकंदांच्या आत हवा. एकाच खोलीत तो एकाहूनही कमी येतो. हाच वेळ बॅकअप चालू असताना पुन्हा मोजायचा.

५. केबल उपसणे. आधी साठवणीची एक, मग हजेरीची एक. काम चालू राहिले पाहिजे. ही परीक्षा लोकांचे काम नसेल अशा वेळी, सांगून-सवरून घ्यायची.

६. उलटी परीक्षा. अर्जदारांचे संकेतस्थळ असलेल्या आभासी यंत्रावर बसून व्यवस्थापन, साठवण आणि हजेरी या तिन्ही पत्त्यांना पिंग करायचे आणि जोडणी करून पाहायची. इथे सगळ्या उत्तरांना ‘नाही’ आले तरच पास.

पहिल्या पाच परीक्षा बहुतेक जण घेतात. सहावी राहून जाते, कारण जे चालू नये ते चालत नाही ना, हे पाहण्याची सवय नसते. संत्रीची परीक्षा ओळखीच्या माणसाला आत सोडण्याने होत नाही. अनोळखी माणूस पाठवून पाहावा लागतो.

खासगी पत्ता म्हणजे कुलूप नव्हे

१० ने सुरू होणारा पत्ता दिला की यंत्र सुरक्षित झाले, अशी समजूत सर्रास आढळते. बाहेरचा माणूस त्या पत्त्यावर थेट येऊ शकत नाही, हे खरे. पण तो आधी आतल्या एका साध्या संगणकात शिरतो, एखाद्या फसव्या ई-मेलमधून, आणि मग आतूनच चालत निघतो. आत सगळे एकाच मैदानात असेल तर त्याला कोणी अडवत नाही. जून २०१७ मध्ये युक्रेनमधून सुटलेला नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात पसरला आणि नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. युक्रेन कुठे, न्हावा शेवा कुठे. आतली दारे उघडी असली की अंतराला अर्थ राहत नाही.

म्हणून चार रस्त्यांबरोबर आणखी तीन सवयी लावा. व्यवस्थापनाच्या नेटवर्कात फक्त ठरलेल्या एक-दोन संगणकांवरूनच प्रवेश द्या, आणि तिथला पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. अग्निभिंतीत ‘सगळे चालू, हे बंद’ असे लिहिण्याऐवजी ‘सगळे बंद, एवढेच चालू’ असे लिहा. आणि बॅकअप सर्व्हर वेगळा ठेवा: त्याचा पासवर्ड वेगळा, आणि बॅकअप त्यानेच येऊन घेऊन जायचा. क्लस्टरवरून त्याच्यावर काही पुसता येता कामा नये. एम्समध्ये माहिती परत मिळाली ती न सापडलेल्या बॅकअपमुळे, हे आठवा. आमच्याकडे दर महिन्याला एक आभासी यंत्र बॅकअपवरून उभे करून पाहतो. उभे करून न पाहिलेला बॅकअप मी मोजत नाही.

पालकांसाठी

घरच्या वायफाय राउटरमध्ये बहुधा ‘गेस्ट नेटवर्क’ अशी सोय असते. पाहुण्यांचे फोन, टीव्ही, कॅमेरा त्यावर ठेवा. ज्या संगणकावर बँकेचे काम करता तो मुख्य नेटवर्कवर. राउटरबरोबर आलेला पासवर्ड बदला. वर तीन सर्व्हरसाठी सांगितले ते घराच्या मापात एवढेच आहे, आणि हे तुमचा कॅडेट सुट्टीत पंधरा मिनिटांत करून देऊ शकतो.

स्वाध्याय

१. क्लस्टरमध्ये चौथा सर्व्हर आला. त्याचे चारही पत्ते लिहा.

२. चार सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये बहुमत किती? किती सर्व्हर पडले तरी काम चालेल? तीन सर्व्हरशी तुलना करा आणि पाच सर्व्हरचे उत्तरही काढा. काय लक्षात येते?

३. ३२ गिगाबाइट मेमरीचे यंत्र दहा गिगाबिटच्या तारेतून हलवायला किमान किती सेकंद लागतील?

४. एका सर्व्हरवर साठवणीच्या पाकिटाचा आकार १,५०० राहिला, उरलेल्या दोघांवर ९,००० आहे. ताळ्याच्या सहा पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर हे सापडेल?

५. आपल्या शाळेच्या संगणक कक्षाचे नेटवर्क कागदावर काढा. कार्यालयातली गुणपत्रके असलेला संगणक आणि कॅडेटांचे संगणक एकाच रस्त्यावर आहेत का, हे आपल्या शिक्षकांना विचारा. स्वतः शोधाशोध करू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कात डोकावणे हा गुन्हा आहे.

उत्तरे वहीत आकृतीसह काढा आणि संगणकाच्या शिक्षकांना दाखवा. आकृतीत रस्ते चार रंगांत असू द्या.

जय हिंद.